दाजींचं अ‍ॅव्हरेज

मला पाहिलं की दाजी आधी उजव्या कानावर हात ठेवायचे. मग विचारायचे, "काय मेहुणे, किती पडलं?"

किती पडलं म्हणजे अ‍ॅव्हरेज. एका लिटर तेलात गाडी किती किलोमीटर गेली, ते. आमच्या जालन्यात ड्रायव्हर माणसाला बायको-पोरं कशी आहेत हे नंतर विचारतात, आधी अ‍ॅव्हरेज विचारतात. आणि दाजींना माझं अ‍ॅव्हरेज चांगलं ठाऊक असायचं. गोदामाच्या भिंतीवरच्या फळ्यावर ते खडूनं लिहिलेलं असायचं. तरी विचारायचे. माझ्या तोंडून ऐकायची हौस, दुसरं काय!

कानावरच्या हाताचं आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल माणूस बहिरा होता. त्यांची बायको, म्हणजे आमची अक्का, पिंपळगाव रेणुकाईची. आमच्या घराला घर लागून. आई-बापाला ती एकुलती एक, पाठीवर भाऊ नाही. लग्नात कानपिळीची वेळ आली तेव्हा नवरदेवाचा कान पिळायला भाऊ कुठून आणणार? शेजारचा म्हणून मला उभं केलं. मी सहा वर्षांचा. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, एवढं सांगायला कान नुसता धरायचा असतो, हे मला कुणी समजावलं नाही. उलट मागून एक जण म्हणाला, "जोरात पिळ रे, पुन्हा हातात घावायचा न्हाई." मी दोन्ही हातांनी पिळला. नवरदेव असा ओरडला की वाजंत्री थांबली. मला टॉवेल-टोपी मिळाली, आणि त्या माणसानं जन्मभर मला पाहून कान झाकला.

गावची लेक ती सगळ्यांची बहीण, आणि तिचा नवरा सगळ्या गावाचा दाजी. त्यातून मी तर कान पिळणारा भाऊ. त्यामुळे पुढं वीसेक वर्षांनी मी जालन्यात एका बियाणं कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागलो आणि पहिल्याच दिवशी फाटकात कानावर हात ठेवलेला माणूस दिसला, तेव्हा मी तिथंच कपाळाला हात लावला. तुम्हीच सांगा, ज्याच्याशी बरोबरी करायची त्यालाच वाकून नमस्कार घालायचा असेल तर माणसानं जिंकायचं कसं? दुसऱ्या कुणाला मी तोंडावर काहीबाही बोललो असतो. दाजींना बोलायची सोय नव्हती. चेष्टा जावयानं करायची, मेहुण्यानं हसायचं, हा रिवाज आहे.

कंपनीत दोन जुन्या पिकअप होत्या. एक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं. दोन्हींच्या मागं दोन चाकांची ट्रॉली जोडलेली. गावोगावच्या शेतकऱ्यांकडून ज्वारीचं, बाजरीचं, सरकीचं बियाणं पोत्यांनी भरून आणायचं, हे काम. मोकळी पिकअप कशीही पळते. मागं भरलेली ट्रॉली लागली की तीच गाडी तेल नुसती ढोसते. म्हणून मालकानं ठरवलेलं, दर शनिवारी स्टोअरकीपरनं दोन्ही गाड्यांचं अ‍ॅव्हरेज काढायचं आणि फळ्यावर लिहायचं.

फळ्यावर वर्षानुवर्षं एकच मजकूर. दाजी साडेनऊ. मी साडेसात.

गाड्या एकाच वर्षाच्या, ट्रॉल्या एकाच भट्टीवर बनवलेल्या, रस्ते तेच, खड्डे तेच. मग दोन किलोमीटर जातात कुठं? माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला सांगू. शनिवारी दुपारी मी फळ्याकडं न बघता जायचा प्रयत्न करायचो आणि मानच तिकडं वळायची. बरं, दाजी गप्प बसतील तर शपथ. चहाच्या टपरीवर, पंपावर, पंक्चरवाल्याकडं, जिथं जातील तिथं सांगायचे, "ट्रॉली लावून साडेनऊ. बिलकुल भरलेली." आणि शेवटी माझ्याकडं हात करून, "आमच्या मेहुण्याचंबी बरं हाये."

बरं हाये! ते दोन शब्द मला तिखट लागायचे.

मी नाना तर्क लढवले. हा माणूस तेलात रॉकेल घालत असणार. उतारावर इंजिन बंद करत असणार. मीटरची तार काढून ठेवत असणार, नाही तर स्टोअरकीपरला पान खिलवत असणार. एकदा मी त्यांच्या टाकीचं झाकण काढून वासही घेतला. वास तेलाचाच होता, आणि मी वास घेताना दाजी मागं उभे होते. कानावर हात. "मेहुणे," ते म्हणाले, "तेल खाली न्हाई. पायात हाये."

पायाचं त्यांचं फार होतं. गाडीत बसायच्या आधी चपला काढायच्या, एकमेकींवर आपटायच्या, सीटखाली सारायच्या आणि अनवाणी पायानं गाडी चालवायची. "चप्पल घातली की रेस किती दिली ते पायाला कळत न्हाई. पायाला कळलं न्हाई की गाडी खाऊन राह्यली. पाय हलका ठेवा." हे 'पाय हलका ठेवा' मी दिवसातून दहा वेळा ऐकायचो. चहा घेऊन उठलो तरी, पाय हलका ठेवा. घरी निघालो तरी तेच.

एका उन्हाळ्यात माझी गाडी गॅरेजला लागली आणि मालकानं मला दाजींबरोबर पिंपळगाव रेणुकाईला पाठवलं, माल भरायला. मी म्हटलं, बरं झालं. आज चोर हाती लागतो की नाही बघतो.

दिवसभर नजर ठेवली. चोर काही सापडला नाही. सापडला तो एक कमालीचा रटाळ माणूस. निघायच्या आधी ट्रॉलीच्या चाकांत हवा मापून घेतली. रस्त्यात दोनदा थांबून चाकाच्या मध्यावर हाताची मागची बाजू टेकवून पाहिली. मी विचारलं, "हे काय?" म्हणाले, "ताप बघतो. गरम लागलं की समजायचं, आत बेअरिंग आवळलंय. ती ट्रॉली मंग चालत न्हाई, गाडीला धरून बसती." पुढं बैलगाडी दिसली की आपण काय करतो? जवळ जातो, ब्रेक मारतो, हॉर्न देतो. दाजी अर्ध्या किलोमीटरवरूनच पाय उचलायचे. गाडी आपली आपण हळू व्हायची आणि बैलगाडी बाजूला झाली की त्याच चालीवर पुढं सरकायची. "ब्रेक म्हंजी सांडलेलं तेल," ते म्हणाले. चाळीसच्या वर काटा नाही. राजूरजवळच्या चढावर एका सायकलवाल्यानं आम्हाला मागं टाकलं आणि वळून हात केला. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजींनी त्याला उलट हात केला.

पिंपळगावात माझी आई वाट पाहत होती. माझी नाही, जावयाची. दाजींना पाट, तांब्या, शेवयांची खीर, वर तुपाची धार. मी ताटावर बसणार तोच आई म्हणाली, "तू बस की मागून. आधी पोती तरी भरून घे, जावईबापूंना उशीर व्हायचा." मी, पोटचा पोरगा, उन्हात पोती उचलतोय आणि आतून आवाज येतोय, "मामी, खीर लई बराबर झाली." वर आम्ही निघताना आई मला सांगते, "दाजींसारखं शिक जरा काही. गाडी चालवतेत की न्हाई ते कळतसुद्धा न्हाई."

मी भरलेली पोती त्यांनी पुन्हा उतरवायला लावली, हेही सांगून टाकतो. मी सगळा भार मागं केला होता. "मागं भार झाला की ट्रॉली शेपूट हलवती. थोडा नाकावर घ्या, चाकाच्या जरासा पुढं." मग ताडपत्री बांधायला अर्धा तास. एक कोपरा सैल राहिला तर पुन्हा सोडायची. "फडफडली की वारा तेल पितो." त्या दिवशी मी त्या माणसाचा इतका राग केला की परतीच्या वाटेवर झोपेचं सोंग घेतलं.

पण शिकलो. चोरून शिकलो. हवा मापायला लागलो, भार नाकावर घ्यायला लागलो, लांबूनच पाय उचलायला लागलो. अनवाणीसुद्धा चालवली, पहिल्या दिवशी तापलेल्या पेडलनं तळव्याला फोड आला आणि आठवडाभर लंगडत होतो. दाजींनी विचारलं, "कामून लंगडता?" मी म्हटलं, काटा मोडला. फळ्यावर मी साडेसातचा आठ झालो, आठचा साडेआठ. मग पावणेनऊ. माझ्यापुढं साडेनऊ तसेच उभे. माझं चढलं की दाजींना आनंद व्हायचा, हे मला त्याहून सहन व्हायचं नाही. हरणाऱ्याला निदान जिंकणाऱ्यानं जळावं एवढी तरी अपेक्षा असते.

अशात मालकानं जाहीर केलं, दसऱ्याला नवी पिकअप येणार. चार आठवड्यांचं अ‍ॅव्हरेज बघू, ज्याचं जास्त त्याच्या हातात चावी.

त्या नव्या गाडीचं मला काय करायचं होतं? एकच. ती पिंपळगावात न्यायची, रेणुकाईच्या देवळासमोर उभी करायची, आणि आईनं बघायचं. बास. आईनं एकदा म्हणावं, माझ्या लेकाची गाडी. त्या चार आठवड्यांत मी दुसरा विचार केला नाही. देवळाच्या पायरीसमोर ती गाडी कोणत्या कोनात लावायची इथपर्यंत माझं ठरलेलं होतं.

तीन आठवडे झाले. दाजी साडेनऊ, मी नऊ. नऊ! जन्मात पाहिले नव्हते. पण नऊ म्हणजे साडेनऊ नव्हे.

चौथ्या आठवड्यात, सोमवारी, सगळे जेवायला बसले होते. दाजींची गाडी भरून, ताडपत्री बांधून झाडाखाली तयार. जेवण झालं की निघणार होते. हवा त्यांनी सकाळीच मापलेली, म्हणजे आता पुन्हा बघणार नाहीत. मी पाणी प्यायला म्हणून उठलो. ट्रॉलीमागं गेलो, खिळ्यानं व्हॉल्व्हची पिन दाबली. फुस्स. एका चाकाची थोडी, दुसऱ्याची थोडी. दिसण्याइतकी नाही, तेल खाण्याइतकी. टोपणं परत लावली आणि येऊन भाकरीचा उरलेला तुकडा खाल्ला. तो घशाखाली उतरला, हे कबूल करतो.

दाजी निघाले आणि पंधरा मिनिटांत परत आले.

"काय झालं?" स्टोअरकीपरनं विचारलं.

"हवा गेल्ती. फाटकाबाहेर पडलो न पडलो, पायाला कळलं. रेस जास्ती मागून राह्यली."

"कोणत्या चाकाची?"

"दोन्ही."

"दोन्ही एकदम?"

"जोडीनं आलते, जोडीनं गेले," दाजी म्हणाले. मग त्यांनी कानावर हात ठेवला आणि माझ्याकडं वळले. "मेहुणे, जरा पंप मारता का? माझा गुडघा धरलाय."

भर दुपारची वेळ. भरलेली ट्रॉली, हातपंप, आणि मी. मारतोय, मारतोय, शर्ट अंगाला चिकटला. दाजी बाजूला दगडावर बसून मापाकडं बघतायत. "अजून. अजून थोडी. आता दुसरं घ्या." अर्ध्या तासानं माझे हात खांद्यापासून गळायला आले तेव्हा ते उठले, माप काढलं आणि म्हणाले, "बस्स. जेवढी गेल्ती तेवढी आली."

एवढंच. कुणापाशी एक अक्षर नाही. मला ते माहीत होतं, त्यांना ते माहीत होतं, आणि दोघंही पंपाची नळी गुंडाळत होतो. त्यांनी माझ्या मुस्काटात मारली असती तर मी जास्त सुखात राहिलो असतो.

शनिवारी फळ्यावर दाजी साडेनऊ, मी नऊ. दसऱ्याला गाडी आली, तिला झेंडूचा हार घातला, आणि मालकानं चावी दाजींच्या हातात दिली. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या. नाहीतर कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी नव्या गाडीची पहिली फेरी पिंपळगाव रेणुकाईची लागली. दाजींनी मालकाला सांगितलं, "माल लई हाये, मेहुण्यालाबी नेतो." मला नको होतं. त्यांच्याशेजारी बसून माझ्याच गावात, माझ्याच आईसमोर, त्यांची मिरवणूक बघायला जायचं? पण दाजींना नाही म्हणायची सोय नव्हती, हे सांगितलंच आहे.

गावाच्या शिवेवर ओढा आहे. तिथं त्यांनी गाडी थांबवली आणि खाली उतरले. मला वाटलं चाकाचा ताप बघतायत. ते वळसा घालून माझ्या दाराशी आले.

"उतरा. तिकडं बसा."

"कामून?"

"गावात गाडी गावच्या लेकानं न्यायची असती. जावयानं नेली तर लोक म्हणतेत, हुंड्यात मिळाली." आणि मी बसल्यावर खिडकीतून, "चप्पल काढा."

मी चप्पल काढली. नव्या गाडीचं स्टेअरिंग हातात आलं आणि सांगतो, मला रडू आलं नाही की काही नाही. मला नुसता आनंद झाला, हावरटासारखा. गावातून पोरंटोरं मागं पळत होती. देवळासमोर मी गाडी त्याच कोनात लावली, जसं ठरवलं होतं. आई कुंकवाचा करंडा आणि तांब्या घेऊन आली. तिनं गाडीला कुंकू लावलं, मला लावलं, आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या लेकाची गाडी!"

मी दाजींकडं पाहिलं. ते मागं, नारळ हातात घेऊन उभे होते.

आता मी बोलायला हवं होतं. नाही आई, गाडी दाजींची आहे. पाच शब्द. तुम्ही बोलला असता, तुमचा चेहरा सांगतो. मी बोललो नाही. आई दाजींकडं वळून म्हणाली, "जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. तुमालाबी भेटंल एखाद दिवशी."

"भेटंल की, मामी," दाजी म्हणाले, आणि त्यांनी नारळ फोडला.

त्या दिवशी खीर आधी मला वाढली. मी खाल्ली. ती कशी झाली होती ते मला आजही सांगता येणार नाही.

परतीला भोकरदनपर्यंत त्यांनी मलाच चालवू दिली. वाटेत मी घसा साफ केला. म्हटलं, "दाजी, त्या दिवशीची ती हवा..."

त्यांनी हात उचलले. या वेळी एक नाही, दोन्ही. दोन्ही कानांवर ठेवले. "इंजिनाचा लई आवाज येऊन राह्यला, मेहुणे. काही ऐकू येत न्हाई."

नवी कोरी गाडी. आवाज नावाला नव्हता.

लोक सांगतात, कुणी उपकार केला की त्याच्याबद्दलचा हेवा जातो. साफ खोटं. माझा वाढला. तोवर त्यांच्याकडं माझ्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त होता. आता मोठेपणाही त्यांच्याच वाट्याला गेला. माझ्या वाट्याला काय आलं? हवा! तीसुद्धा माझीच सोडलेली, मीच भरलेली. आई मरेपर्यंत ती गाडी माझी समजत होती, आणि दाजी तिच्यासमोर माझ्याकडं बघून विचारायचे, "काय मेहुणे, तुमची गाडी काय म्हणती?" मी म्हणायचो, बरी आहे. कबुली द्यायला मी पुढं दोनदा-तीनदा तोंड उघडलं. प्रत्येक वेळी दोन्ही हात कानांवर.

असे दिवस गेले. दाजींचा डावा गुडघा खरोखरच बिघडला. त्या दिवशी पंपाच्या वेळी दुखत होता की नाही देव जाणे, पण पुढं तो क्लच दाबू देईना. एका शनिवारी त्यांनी मालकाला चावी दिली आणि मालकानं ती मला दिली. गाडी आता जुनी झाली होती. नवी असताना जिच्यासाठी जीव टाकला ती अशी फुकट हातात आली, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? हिच्यावर यांनी साडेनऊ काढलेत. आता माझ्या कमी आकड्यानं फळ्यावरचे ते साडेनऊ पुसायला जणू माणूस ठेवलाय, तो मी.

दाजींचं गाव कुंभार पिंपळगाव, अंबडच्या पलीकडं, घनसावंगी तालुक्यात. म्हणजे त्यांचंही पिंपळगाव आणि आमचंही पिंपळगाव, यावरूनसुद्धा ते चेष्टा करायचे, "आमच्या पिंपळगावात कुंभार हायेत, तुमच्यात कानपिळे." जालन्याची खोली सोडून ते दोघं तिकडं राहायला निघाले तेव्हा सामान न्यायला मीच गेलो. कपाट, पलंग, पिठाचे डबे, जातं, सगळं ट्रॉलीत. भार नाकावर घेतला. ताडपत्री बांधली. दाजी काठी टेकवून बघत होते. एक कोपरा ओढून पाहिला आणि गाडीत चढले.

पुढं आम्ही तिघं. मी, मधे अक्का, खिडकीशी दाजी. मी चपला काढल्या, एकमेकींवर आपटल्या, सीटखाली सारल्या. अक्का हसली. म्हणाली, "आता दोन-दोन झाले."

सगळ्या वाटेत मी त्यांच्या एका शब्दाची वाट पाहत होतो. बरं म्हणा, वाईट म्हणा, पाय हलका ठेवा म्हणा. एक नाही. अंबड मागं पडलं. पुढं अंकुशनगरच्या कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर समोरून यायला लागले, रस्ता अरुंद. लांबून एक दिसला तसा मी पाय उचलला, आणि सहज खाली नजर गेली. दाजींचाही पाय उघडा होता. त्यांच्यापुढं पेडल नव्हतं, नुसता पत्रा होता. त्यावर टेकलेला त्यांचा पाय त्याच वेळी वर उचलला गेला. ट्रॅक्टर गेला, माझा पाय खाली आला, त्यांचाही आला. पुढं घनसावंगीपर्यंत मी तेच बघत होतो. एकदाही मागंपुढं झालं नाही.

घरापाशी सामान उतरवलं. निघताना दाजी दारात उभे राहिले, कानावर हात ठेवला आणि म्हणाले, "किती पडलं ते सांगा."

जालन्याला येऊन टाकी भरली. भागाकार दोनदा केला. मग पंपावरच्या माणसाकडून करून घेतला. पावणेदहा.

पावणेदहा! ट्रॉली लावून! भरलेली! मी पंपावर एकटाच हसत सुटलो. गोदामात आलो, पण फळा तर केव्हाच काढलेला, तिथं कॅलेंडर लटकत होतं. नवा स्टोअरकीपर वहीत आकडा लिहून "बरं" म्हणाला आणि पान उलटलं. त्याला काय कळणार! हे ज्याला सांगायचं तो एकच माणूस होता.

एसटीडीवरून सांगता आलं असतं. त्यांच्या शेजारी फोन होता. पण असलं फोनवर सांगायचं नसतं. मला तोंड बघायचं होतं. कानावर हात ठेवून ते विचारतील, किती पडलं, आणि मी आधी उगाच इकडचं तिकडचं बोलेन, मग सांगेन. आणि तेवढ्यात, ते हसत असताना, हवेचंही सांगून टाकेन. सगळं ठरवून ठेवलं होतं. मग हंगाम लागला. आज जाऊ, उद्या जाऊ. दिवाळीला नक्की.

दिवाळीला आठ दिवस असताना निरोप आला. सकाळी चहा पीत होते, म्हणे, आणि कप खाली ठेवता ठेवता गेले.

ट्रॉली सोडून मोकळी गाडी घेऊन निघालो. चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. कुणी म्हणेल, अशा वेळी माणूस पळवतो. मला त्या रस्त्यावर पळवता आली नाही.

दुपारी पोचलो. अंगणात माणसं बसली होती. अक्कानं मला पाहिलं आणि म्हणाली, "ये रे भाऊ. तुझे दाजी तुझी वाट बघत होते. किती पडलं, किती पडलं, रोज विचारायचे. म्हटलं, मला काय ठाऊक." मग ती रडली, आणि बायकांनी तिला धरलं.

त्यांना ओट्यावर ठेवलं होतं. चादर छातीपर्यंत. मी जवळ गेलो आणि सवयीनं थांबलो, कानावर हात जाईल म्हणून. हात दोन्ही बाजूंना सरळ होते. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा उजवा कान नीट दिसला. साधा, थोडा मोठा, पाळीवर केस असलेला कान.

शेवटचं दर्शन घ्यायच्या निमित्तानं वाकलो. तोंड कानापाशी नेलं.

"दाजी, हवा मीच सोडली होती," मी म्हणालो.

तरी तिथून निघवेना. पुन्हा वाकलो.

"आणि पावणेदहा पडलं."